फाल्गुनात कॅमेरा घेऊन बाहेर पडताना: कोल्हापूर परिसरासाठी नवख्यांचा मार्गदर्शक

महाशिवरात्र जवळ आली की नव्यानं कॅमेरा घेतलेल्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. गवा नक्की कुठं दिसेल? चारशेची लेन्स पुरेल की सहाशेचीच घ्यावी? पन्हाळ्यावरनं फोटो काढला तर सगळं पांढुरकं का येतं? हेच प्रश्न मी लोकांना विचारत विचारत शिकले. त्यातलं जे कामाचं निघालं ते इथं क्रमानं लिहिते आहे, म्हणजे पहिल्याच मोसमात तुमचे चार रविवार वाया जायला नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च या दिवसांत आपल्याकडचं रान दोन गोष्टींभोवती फिरतं: फुललेली झाडं आणि आटत चाललेलं पाणी. ही दोन ठिकाणं शोधायची आणि तिथंच थांबायचं. पाखराच्या मागं पळणाऱ्याला पाखराची पाठ मिळते. खाली जे टप्पे दिले आहेत ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहेत.

१. वेळ आधी ठरवा, जागा नंतर

महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ धरा. फेब्रुवारीच्या अखेरीला कोल्हापुरात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, मार्चच्या मध्याला पावणेसातच्या आसपास. उजाडण्याच्या अर्धा तास आधी तुम्ही जागेवर पोचलेलं असायला हवं. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर आहे, तिथं हे सहज जमतं. गगनबावडा पंचावन्न किलोमीटरवर आणि दाजीपूर ऐंशीच्या घरात, तिकडं आदल्या रात्री मुक्काम केलेला बरा. पहिल्या एसटीनं गेलात तर पोचेपर्यंत चांगला उजेड निघून गेलेला असतो.

सकाळचे साडेनऊ वाजले की लांबचे फोटो बंद करा. यात बहुतेक नवखे फसतात. ऊन चढल्यावर सड्यावरची (डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावरची), नांगरलेल्या रानावरची आणि डांबरी रस्त्यावरची तापलेली हवा थरथरायला लागते. त्या हवेतून शंभर-दीडशे फुटांवरचं पाखरू टिपलं तर फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येतो. मग माणूस लेन्सला दोष देतो, दुकानात जाऊन भांडतो, नवी लेन्स घेतो आणि पुन्हा अकरा वाजता तसाच फोटो काढतो. लेन्सची परीक्षा घ्यायची तर सकाळी सातला घ्या.

दुपारी सावलीत बसून खा, झोपा, गावातल्या लोकांशी बोला. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा सुरुवात करा.

२. पिशवीत काय घ्यायचं

कॅमेरा कुठलाही चालेल, फक्त त्यात रॉ फाइल (कॅमेऱ्यानं स्वतः काही न बदलता साठवलेला फोटो) निघायला हवी. पाखरांसाठी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स सुरुवातीला पुरते. १५०-६०० ची नंतर, भाड्यानं वापरून बघून मगच घ्या. निसर्गदृश्यांसाठी कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स चांगलं काम देते.

बाकीचं सामान:

- जादा बॅटरी आणि जादा कार्ड
- ट्रायपॉड, फक्त निसर्गदृश्यांसाठी
- बीनबॅग. विकत घेऊ नका. जुन्या जीनच्या पायाचा एक हातभर तुकडा कापा, एक तोंड शिवा, मक्याचे दाणे किंवा तांदूळ भरा आणि दुसरं तोंड शिवा. गाडीच्या काचेवर, बांधावर, दगडावर ठेवून लेन्स टेकवली की ट्रायपॉडपेक्षा लवकर स्थिर होते.
- धूळ उडवायचा हवेचा फुगा आणि मऊ कापड. राधानगरी-दाजीपूरकडची तांबडी धूळ लेन्सच्या कडीत जाऊन बसते.
- लेन्स झाकायला मोठी प्लास्टिकची पिशवी किंवा सुती पंचा
- मळक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट
- माणशी दोन-तीन लिटर पाणी, धातूच्या बाटलीत
- वही आणि पेन

कागदपत्रं: आधार किंवा दुसरं ओळखपत्र, गाडीचं लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. अभयारण्यात माणसाचं, गाडीचं आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं घेतात. दर बदलत राहतात, आणि तिकडं मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून सुटे पैसे रोख ठेवा. पावती परत बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा.

३. हात बसवायला रंकाळा आणि कळंबा

पहिले दोन-तीन रविवार लांब कुठं जाऊ नका. रंकाळ्याच्या काठावर वारकरी, पाणकावळे, वंचक, खंड्या माणसांना इतके सरावलेले असतात की तुमच्या पाच चुका होईपर्यंत उडत नाहीत. कळंबा तलावावर आणखी निवांत. पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या चिखलात शेकाटे आणि धोबी चरायला उतरतात. हिवाळी पाहुण्यांतले काही मार्चमध्येही असतात, पण रोज कमी होत जातात, त्यामुळं तळ्यांचं काम फेब्रुवारीतच उरका.

इथं तीन गोष्टी घटवून घ्या. बसलेल्या पाखराला शटर किमान १/५०० सेकंद, उडत्याला १/२०००. छिद्र (अ‍ॅपर्चर) लेन्सचं जेवढं मोठं उघडतं तेवढं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर आणि वरची मर्यादा ६४०० ला बांधलेली. सतत पाठलाग करणारा फोकस (एएफ-सी किंवा एआय सर्वो) लावा आणि फोकसचा ठिपका एकच ठेवा, तो पाखराच्या डोळ्यावर. डोळा धारदार असेल तर शेपूट थोडी अस्पष्ट असलेली चालते. उलटं झालं तर फोटो पुसून टाका.

आणि खाली बसा. काठावर मांडी घालून किंवा पालथं पडून लेन्स पाण्याच्या पातळीला आणली की तोच वंचक आणि तोच चिखल असूनही फोटो पार बदलतो. फिरायला आलेली मंडळी थांबून बघतील, बघू द्या.

४. फुललेलं झाड निवडा आणि तिथंच बसा

आता मुख्य काम. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस ही तीन झाडं पानं गाळून फुलतात. तुमच्या दृष्टीनं यात दोन फायदे आहेत. पाखराला लपायला पान नाही आणि फांदीमागं स्वच्छ आभाळ किंवा लांबचा डोंगर मिळतो. पावसाळ्यात ज्या पाखराचा नुसता आवाज ऐकायला येतो ते या दिवसांत तुमच्यासमोर उघड्या फांदीवर येऊन बसतं.

झाड असं निवडा. उतारावर उभं असलेलं, म्हणजे वरच्या बाजूला बसलं की शेंड्याची फुलं डोळ्याच्या रेषेत येतात. मोठ्या झाडाखाली मान वर करून काढलेल्या फोटोत पोटं आणि पंजेच दिसतात. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं येईल अशी पूर्वेकडची बाजू मोकळी हवी. मागं विजेच्या तारा नकोत. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या उतारावर, गगनबावड्याच्या वाटेवर, राधानगरीच्या रस्त्याला अशी झाडं भरपूर आहेत. दुपारच्या फेरीत ती हेरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन बसा.

पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बघा. पाखरं झाडावर एसटीच्या फेऱ्यांसारखी येतात. साळुंक्यांचा थवा येतो, कल्ला करतो आणि जातो. मग पोपट, मग बुलबुल. कोतवाल एकटाच शेंड्यावर बसून सगळ्यांवर दादागिरी करतो. हळद्या आला तरी आतल्या फांद्यांतून चोरून फिरतो. उत्तरेकडं परतायच्या तयारीत असलेल्या पळसमैना मोठ्या थव्यानं उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, ओळखायला अवघड नाहीत. अशा दोन फेऱ्या बघितल्या की कुठलं पाखरू कुठल्या फांदीनं आत शिरतं ते कळतं. फुलावर जायच्या आधी बहुतेक पाखरं शेजारच्या एका उघड्या काटकीवर टेकतात. त्या काटकीवर फोकस लावून ठेवा. ती काटकी हीच तुमची जागा.

शिंजीर हा या मोसमाचा खरा मानकरी. जांभळ्या शिंजीराचा नर फेब्रुवारी-मार्चमध्ये विणीच्या पूर्ण रंगात असतो. लांबून तो काळा ठिपका वाटतो, आणि बहुतेकांच्या फोटोतही काळा ठिपकाच येतो. त्याचा जांभळा-निळा रंग पिसांवर पडणारा प्रकाश परतून येण्यातून दिसतो, म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी हवा आणि त्याची मान ठरावीक कोनात वळायला हवी. तो फुलात चोच खुपसतो, बाहेर काढतो आणि क्षणभर मान तिरकी करतो. तेवढ्यात गळ्यावरून निळा रंग लखलखून जातो. बटण तेव्हा दाबायचं. आठ-दहा फोटोंचा सपाटा लावला तर त्यातला एखादाच साधतो, म्हणून कार्डात जागा ठेवा. काटेसावरीवर बसलेल्या पाखरांच्या कपाळावर परागाची पिवळी भुकटी दिसते. ती ज्या फोटोत स्पष्ट आली तो फोटो राखून ठेवा, कारण त्यात झाडाचं आणि पाखराचं नातं आलेलं असतं.

पळसाच्या फुलाजवळ जाऊन एकदा नीट बघा. देठाकडचा कप काळपट तपकिरी मखमलीचा, त्यातून वाकडी चोच बाहेर यावी तशी केशरी पाकळी, आणि त्या पाकळीवर बोटाला जाणवेल न जाणवेल अशी बारीक रुपेरी लव. फोटोत मात्र बहुतेक वेळा नुसता केशरी डाग येतो. कारण असं की कॅमेऱ्याच्या साध्या हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखावर) सगळं ठीक दिसत असतानाच लाल रंगाचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. लाल भरून वाहिला की लव गेली, सुरकुत्या गेल्या, नंतर काही परत येत नाही. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम चालू करा आणि एक्सपोजर (फोटोतला उजेड, कॅमेऱ्यावरच्या +/- नं बदलतो तो) ०.७ नं कमी करा. पांगाऱ्यालाही हेच लागू.

झाडाखालीही लक्ष असू द्या. काटेसावरीची जाड मांसल फुलं खाली पडतात आणि ती खायला खारी, वानरं येतात. जंगलाच्या कडेला पहाटे भेकरही येतं. वारा तुमच्याकडून झाडाकडं वाहत असेल तर भेकर येणार नाही, तेव्हा बसायची जागा बदला.

फुलांइतकीच पालवी महत्त्वाची. मार्चमध्ये कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, पिंपळाला तांबूस. तिचा फोटो सूर्य समोर ठेवून काढा. प्रकाश पानातून आरपार येतो आणि शिरा उजळतात. पाखरांना पाठीवरचं ऊन आणि पालवीला समोरचं, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

५. उसाच्या फडाच्या कडेला

वन्यजीव म्हणजे अभयारण्यच असं धरून बसू नका. मार्चपर्यंत ऊसतोड चालू असते. तोडलेल्या फडात गायबगळे, कोतवाल, वेडे राघू किड्यांवर तुटून पडतात, वर घारी फिरतात. पाचट पेटवलं की धुरातून उडणारे किडे पकडायला कोतवाल आगीच्या अगदी कडेला झेपावतात. १/२००० चं शटर आणि वारा जिकडनं येतो त्या बाजूला, आगीपासून सुरक्षित अंतरावर उभं राहणं, एवढं केलं की जबरदस्त फोटो मिळतो.

जळालेल्या काळ्या रानात पांढरा बगळा असेल तर कॅमेरा काळ्या जमिनीला उजळायला जातो आणि बगळा पांढरा डाग होतो. एक्सपोजर पूर्ण एकनं कमी करा, पिसं दिसायला लागतील.

रान कुणाचं तरी असतं. बांधावर पाय ठेवायच्या आधी हाक मारा. "काका, बांधावरनं आत येऊ का? पाखरांचं फोटो काढायचं हाईत." नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "या की! खरं त्या अंगाला पाणी सोडलंय, चिखलातनं जाऊ नका." आणि वर कोल्हा कुठल्या ओढ्यात पाणी प्यायला येतो तेही सांगतात. ही माहिती कुठल्याही नकाशावर मिळत नाही. तोडणी करणाऱ्या माणसांचे आणि त्यांच्या मुलांचे फोटो न विचारता काढू नका. गुऱ्हाळावर पहाटे काहिलीतून वाफा उठतात, तिथंही गुळव्याला विचारूनच कॅमेरा काढा. तो हो म्हणाला की त्याच्या कामाच्या आड येऊ नका, उकळत्या रसाची कढई आहे ती.

मोठ्या उसात एकट्यानं शिरू नका. आत काय बसलंय ते दिसत नाही.

६. दाजीपूर: गव्याच्या घरी

राधानगरी अभयारण्याची सुरुवात १९५८ साली दाजीपूरच्या गव्यांसाठी झाली. आज त्याचं क्षेत्र साधारण ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे. पावसाळ्यात ते बंद असतं. बाकीच्या काळातही सुट्टीचा वार आणि प्रवेशाच्या वेळा निघायच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. आतला रस्ता कच्चा, दगडगोट्यांचा आहे. बुटकी कार नेऊ नका. दाजीपूरला स्थानिक जीप मिळतात. स्थानिक गाइड घ्याच. त्याला पाणवठे माहीत असतात, त्याची नजर झाडीत मुरलेली असते आणि तुमचे पैसे त्याच गावात राहतात.

गवे सकाळी लवकर आणि संध्याकाळी सड्यावरच्या गवतात किंवा पाण्याजवळ बाहेर येतात, ऊन चढलं की झाडीत शिरतात. सावराई सड्याच्या बाजूला पहिल्या उजेडात पोचा. गाडी बंद करा. इंजिन चालू असेल तर त्याची थरथर फोटोत उतरते. बीनबॅग काचेवर ठेवा आणि गाडीतूनच फोटो काढा. गाडीतून उतरायचं नाही, आणि याला अपवाद नाही. कळपापेक्षा एकटा नर जास्त धोक्याचा. तो अंग आडवं करून उभा राहिला तर नवख्याला वाटतं, वा, छान पोझ दिली. तो आपला आकार दाखवून तुम्हाला दटावत असतो. फुरफुरला किंवा खुरानं जमीन उकरली तर ड्रायव्हरला हळूच मागं घ्यायला सांगा.

काळ्या गव्यानं चौकट भरली की कॅमेरा त्याला उजळून राखाडी करतो आणि गुडघ्याखालचे पांढरे मोजे नुसते पांढरे डाग होतात. एक्सपोजर ०.७ ते १ नं कमी करा. मग काळ्या अंगावरची चमक, मानेखालची पोळी आणि मोजे तिन्ही नीट येतात.

गवा दिसला नाही तर दिवस फुकट गेला असं मानू नका. ओढ्याकाठच्या दाट सावलीत शेकरू आणि धनेश भेटतात, पाण्याच्या डबक्यावर दुपारी स्वर्गीय नर्तक आंघोळीला येतो. एक डबकं निवडा आणि गाडीतून तासभर बघत राहा. मार्चमध्ये ओढे आटून डबकी उरतात आणि सगळ्यांना तिथं यावंच लागतं. म्हणूनच डबक्याच्या अगदी काठाला लागून गाडी लावू नका. तुम्ही तिथं असेपर्यंत तहानलेला जीव झाडीत ताटकळत राहतो.

७. डोंगर, कडे आणि पांढुरकी हवा

वसंतातल्या निसर्गदृश्यांची अडचण म्हणजे हवेतली धूळ आणि धूर. मसाई पठारावर पावसाळ्यानंतरची फुलं या दिवसांत नसतात, गवत वाळून पिवळं झालेलं असतं. हिरवंगार काही मिळणार नाही, हे धरूनच निघा. पिवळं गवत, तिरपं ऊन आणि पठाराची सपाट कड, एवढ्यावर चांगली चौकट बसते.

पन्हाळ्यावर सूर्योदयाला पूर्वेच्या कडेची सज्जा कोठी आणि सूर्यास्ताला पश्चिमेचा पुसाटी बुरूज. थंडी टिकून असेल त्या पहाटे खाली नदीखोऱ्यात धुक्याची पट्टी साचते. ऊन लागल्यावर ती लवकर विरते, तेव्हा आधीच ट्रायपॉड लावून तयार राहा. संरक्षित वास्तूंच्या आत ट्रायपॉडला हरकत घेतली जाते, आधी विचारा. सेटिंग सोपी: छिद्र एफ ८ ते एफ ११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, आणि क्षितिज सरळ आहे ना ते बघा.

गगनबावड्याला हीच धूसर हवा तुमच्या बाजूनं येते. संध्याकाळी कोकणाकडं तोंड करून १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा. डोंगरांच्या रांगा एकामागं एक फिकट होत जातात. रुंद लेन्सनं सगळं एकदम घेतलं तर त्या रांगा बारीक होऊन जातात आणि आभाळच उरतं. नवखे इथं हटकून रुंद लेन्स लावतात.

होळीच्या सुमाराला चंद्र टिपायचा असेल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. चतुर्दशीला चंद्र सूर्य मावळायच्या आधी उगवतो, त्यामुळं जमिनीवर उजेड असतो आणि दोन्ही एका फोटोत बसतात. पौर्णिमेला बऱ्याचदा चंद्र वर येईपर्यंत जमीन काळी झालेली असते.

चौकट कशी बांधायची हे शिकायला कोल्हापूरला बाहेर बघावं लागत नाही. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या, रंकाळ्याच्या परिसराची निसर्गचित्रं रंगवली. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आपल्या जुन्या चित्रकारांची चित्रं आहेत. एक दुपार तिथं घालवा आणि प्रत्येक चित्रात उजेड कुठल्या बाजूनं येतो एवढंच बघा.

८. जे करायचं नाही

हा विनवणीचा भाग नाही, यातलं बरंचसं कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची घरटी आणि अंडी विस्कळीत करणं धरलेलं आहे. मार्चपासून अनेक पाखरांची वीण सुरू होते. घरटं दिसलं तर फोटो न काढता बाजूला व्हा. घरट्यासमोरची एखादी फांदी तुम्ही वाकवली तरी कावळ्याला आणि सापाला रस्ता उघडा होतो.

मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो घास भरवायचं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो. दाणे, फळं, पाणी ठेवून आमिष दाखवू नका. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, आणि कड्यावर गिधाड-ससाण्यांजवळ तर परवानगी असली तरी उडवू नये असं माझं मत आहे. फोटो टाकताना घरट्याची, घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा लिहू नका, तालुका पुरे.

देवराईत जाताना गावात विचारून जा. काही ठिकाणी चपला बाहेर काढायच्या असतात, काही ठिकाणी आतली काटकीसुद्धा उचलत नाहीत. त्या रीतीमुळंच ती झाडी टिकली आहे.

९. आग्या मोहोळ, गोचीड आणि वणवा

फुलांच्या मोसमात आग्या मोहोळं जोरात असतात. गडाच्या कड्यांवर, उंच काटेसावरीवर, जुन्या कमानींखाली वर बघितल्याशिवाय बसू नका. अत्तर, सेंट लावून जाऊ नका, धूर करू नका, दगड मारणारा सोबती असेल तर त्याला पुन्हा नेऊ नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून पळा आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. जास्त डंख बसले तर थेट दवाखाना गाठा.

कोरड्या दिवसांत गोचिडी वाढतात. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात माकडताप आढळला आहे, आणि तो गोचिडीतून पसरतो. पँटचे पाय मोज्यात खोचा, गवतात थेट लोळू नका, खाली जाड कापड अंथरा, घरी आल्यावर अंग तपासा आणि कपडे गरम पाण्यात धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन विभागाला कळवा. जंगलातून आल्यावर आठवडा-दीड आठवड्यात ताप आला तर डॉक्टरांना तुम्ही कुठं गेला होता ते सांगा.

सड्यावर काडी ओढू नका, सिगारेट नको, चूल तर नकोच. वणवा दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक लावा आणि वारा जिकडं वाहतोय तिकडं न जाता खाली उतरा.

१०. घरी आल्यावर

त्याच रात्री कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवा आणि मगच कार्ड फॉर्मॅट करा. डोळ्यावर फोकस नसलेले फोटो लगेच पुसा, उरलेले दोन दिवसांनी बघा. रंग चढवताना पळस केशरीच राहू द्या. तो लाल करायचा मोह होतो.

मग वही काढा आणि प्रत्येक झाडामागं चार गोष्टी लिहा: जागा, तारीख, कळ्या होत्या की पूर्ण बहर की गळती, आणि कुठली पाखरं किती वाजता आली. पाणवठ्यापुढं पाणी किती उरलं होतं ते लिहा. एकाच पांगाऱ्याचा बहर एखाद्या वर्षी आठवडाभर मागं-पुढं होतो, म्हणून नुसत्या तारखेवर विसंबू नका. पुढच्या जानेवारीच्या अखेरीला ही वही उघडा, कॅमेरा न घेता एक चक्कर मारून कळ्या बघून या आणि त्यावरून रविवार ठरवा.